सांजच्या प्रार्थनेची खंजिरी: कातडी, फायबर आणि बाकीचा सरंजाम

भजन मंडळासाठी खंजिरी, म्हणजे एका तोंडाचं, कड्यात चकत्या अडकवलेलं हातातलं वाद्य, घ्यायची तर ती दुकानात कशी वाजते, एवढ्यावर घेऊ नका. आषाढात तीन दिवसांची झड लागली आहे, डीपी जळून गाव अंधारात आहे, पेरलेलं सोयाबीन दडपून गेलं म्हणून कोणाचं बोलायचं मन नाही, आणि तरी सात वाजता पाच-सहा माणसं देवळात येऊन बसली आहेत. त्या सांजेला ती वाजली पाहिजे. पऱ्हाटी (कपाशी) फुटली आहे, भाव बरा आहे, अशा दिवसांत नुसत्या टाळ्यांवरही भजन रंगतं. खेड्यात खंजिरीची गरज पडते ती पहिल्या प्रकारच्या सांजेला, म्हणून इथे प्रत्येक वस्तू त्याच कसोटीवर पाहिली आहे.

विदर्भात खंजिरी म्हटलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आठवतात. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्म, मोझरीला गुरुकुंज आश्रम, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास, १९६८ साली निर्वाण, आणि या सगळ्या काळात हातात खंजिरी. देव पाठीशी आहे हा भरवसा त्यांनी गावाच्या वेळापत्रकात बसवला: पहाटे सामुदायिक ध्यान, सांजेला सामुदायिक प्रार्थना, मधल्या वेळात गावाची कामं. आजही वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत अधिष्ठानासमोर, म्हणजे प्रार्थनेसाठी मांडलेल्या आसनासमोर, रांगेत बसकरं पडतात आणि भेटल्यावर ‘जय गुरु’ होतं. स्पर्धेतली खंजिरी किंवा कीर्तनकार सत्यपाल महाराजांच्या सप्तखंजेरीसारखं (एकाच वेळी सात खंजिऱ्यांचं) वादन ही वेगळी विद्या आहे, तिचा विचार इथे नाही. इथे फक्त रोजची प्रार्थना आणि घरोघरचं भजन.

बाजारात दोन जाती आहेत. लाकडी कड्यावर बकरीचं कातडं चिकटवलेली, आणि फायबरच्या पडद्याची, जिला कडेनं नटबोल्ट असतात. प्रार्थनेला ८ ते १० इंच व्यासाचं आणि अडीच इंचाच्या आसपास उंचीचं कडं पुरतं. त्याहून मोठं घेतलं तर अर्ध्या तासात डावं मनगट भरून येतं, आणि दिवसभर निंदण करून आलेल्या माणसाच्या मनगटाला तेवढी शिल्लक नसते. एखाद्या जत्रेत कोणी घोरपडीच्या कातड्याची म्हणून दाखवली तर हातही लावू नका. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. विकणारा आणि घेणारा, दोघंही अडकतात.

कातड्याची घेताना आधी कडं पहा, मग कातडं, आवाज शेवटी. कडं काचेच्या काउंटरवर पालथं ठेवून चार ठिकाणी बोटानं दाबा. डुगडुगलं तर लाकूड नीट सुकायच्या आधीच घडवलेलं आहे. आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात ते अजून पीळ खाईल आणि कातडं एका बाजूनं ओढलं जाईल. मग खंजिरी उजेडासमोर धरा. उजेड सगळीकडून सारखा आला पाहिजे. दाट-विरळ पट्टे दिसले तर विरळ जागी ती आधी फाटेल. कातड्यात जनावराच्या कण्याची एक पुसट रेघ असते. ती बरोबर मधोमध असली तर चांगलं. एका कडेला गेली असेल तर अर्धा भाग जाड, अर्धा पातळ राहतो आणि एकाच खंजिरीतून दोन सूर निघतात. काठापासून बोटभर आत चारही बाजूंना टिचकी मारून पाहिलं की हे कानालाही कळतं.

काठावरून नख फिरवा. पोकळ लागलं तिथे सरस सुटलेला आहे. काही कारागीर वरून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारतात. पितळी असतील तर हरकत नाही. लोखंडी असतील तर पहिल्याच पावसाळ्यात गंजतात, गंज कातडं खातो आणि नेमकं चुकेच्या भोकापासून ते फाटत जातं. दुकानदार ‘काही होत नाही भाऊ’ म्हणेल. त्याचं म्हणणं खरं आहे, दुकानात काही होत नाही.

कातड्याची खरी परीक्षा मृगापासून सुरू होते. कातडं हवेतली ओल पितं, सैल पडतं आणि सूर उतरतो. जोरदार झडीत ते इतकं लोंबतं की थाप मारली तर फक्त ‘भद’ असा आवाज येतो. उपाय सगळ्यांना माहीत आहे, शेकणं. पण शेकताना चुका फार होतात. चुलीपासून हातभर अंतर ठेवून, कातडं जाळाकडे करून, दोन-तीन मिनिटं सतत फिरवत शेका. मधूनमधून तळहात लावून पहा. कोमट लागलं की बस्स. चटका लागला तर आधीच उशीर झालेला आहे. घरी गॅस असेल तर तवा तापवून खाली उतरवा आणि त्यावर वीतभर उंच धरा. आरतीच्या ताटातल्या कापरावर खंजिरी शेकणं हा सगळ्यात महागात पडणारा आळस: ज्योत एकाच जागी लागते, तेवढंच कातडं करपून कडक होतं, आणि पुढच्या थापेला तिथेच तडा जातो. झडीत शेकलेला ताण अर्धा तासही टिकत नाही, म्हणून घरून शेकून आणण्यात अर्थ नाही. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी देवळातच शेका आणि नंतर भजन असेल तर मध्ये एकदा पुन्हा.

वैशाखात उलटा त्रास. पारा ४५ च्या पुढे गेला की कातडं आक्रसून तणतं, आवाज टणक होतो, आणि टिनाच्या खोलीत टांगलेली खंजिरी दुपारी कोणी हात न लावताही फाटते. तिला घरातल्या आतल्या, मातीच्या भिंतीच्या खोलीत सुती पिशवीत ठेवा. वाजवायच्या आधी आतल्या बाजूनं ओलसर, घट्ट पिळलेलं फडकं एकदा फिरवलं की ताण उतरतो. पाणी शिंपडू नका, ते काठाशी जाऊन सरस सोडवतं. तेल तर अजिबात नको. ‘कातडं नरम राहते’ म्हणून खोबरेल लावणारे प्रत्येक गावात आहेत. तेल मुरलं की कातडं कायमचं मेंगळट होतं आणि ते पुन्हा निघत नाही.

फायबरच्या खंजिरीला हे काहीच लागत नाही. झड असो की लू, सूर तोच. झडीच्या सांजेची कसोटी लावली तर ती सरळ पास होते. नट आवळताना एक नट करकचून आणि मग पुढचा असं करू नका, पडद्याला सुरकुती पडते. समोरासमोरचे नट धरा आणि प्रत्येकाला पाव पाव फेरा द्या. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, नटांना शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब द्या, नाहीतर ते गंजून बसतात आणि मग पान्यानं कडंच चिरतं. बोल्टची टोकं डाव्या तळव्याला टोचतात. जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली की काम होतं.

तिचा दोष आवाजात आहे. कातड्याचा घुमारा फायबरमध्ये नाही. मध्यावर थाप दिली तरी पोटातून आवाज येत नाही, वरवरचा टणत्कार येतो आणि तो थापेनंतरही वाजत राहतो. हळू लयीच्या प्रार्थनेत हा टणत्कार दोन शब्दांच्या मधली शांतता खाऊन टाकतो. आतल्या बाजूनं काठालगत कापडी चिकटपट्टीचा दोन बोटं लांब तुकडा लावला तर बराच दबतो. चिकटपट्टी मध्यावर लावू नका, मग उरलासुरला घुमारही जातो.

आमचं मत असं: ज्या मंडळात वस्तूची निगा राखणारा एक तरी माणूस नेमलेला आहे, त्यानं कातड्याची घ्यावी, आणि जमलं तर आषाढ-श्रावणासाठी जोडीला एक फायबरची. जिथे खंजिरी प्रार्थनेनंतर देवळाच्या कोनाड्यात तशीच पडून राहते आणि सकाळी लेकरं तिच्यावर कंचे खेळतात, तिथे फायबरचीच. दोन्ही एकाच दुकानातून घ्यायच्या असतील तर सूर जुळवून घ्या, नाहीतर एक बदलून दुसरी हातात घेतली की गाणाऱ्यांचा सूर हलतो.

चकत्यांबद्दल दुकानदार सगळ्यात जास्त बोलतो, कारण जास्त चकत्या म्हणजे जास्त भाव. प्रार्थनेला तीन-चार जोड्या भरपूर. सात-आठ जोड्यांची खंजिरी पटांगणात छान वाटते, पण दहा बाय बाराच्या देवळात शब्द ऐकू येत नाहीत, आणि जिथे शब्द ऐकू येत नाहीत तिथे म्हातारी माणसं नुसती ओठ हलवत बसतात. चकती पितळेची घ्या. पत्र्याची कापलेली चकती कर्कश वाजते आणि तिची धार बोटाला लागते. चकती अडकवलेली तार वरून खाली ढकलून पहा. सरकली तर महिन्याभरात भजनाच्या भरात चकती उडून कोणाच्या तरी ताटात पडेल.

मौनाच्या वेळी खंजिरी हातात धरू नका. मांडीवर ठेवली तरी श्वासागणिक एखादी चकती किणकिणते, आणि त्या दोन मिनिटांत तेवढंच सगळ्यांना ऐकू येतं. आसनाशेजारी कातडं वर करून ठेवायची. ज्या घरी मौत झाली आहे तिथे भजनाला जाताना चकत्यांच्या खाचांवरून सुती पट्टीचे दोन वेढे घट्ट बांधून घ्या. नुसती थाप राहते, छनछन राहत नाही. तेराव्यापर्यंत त्या घरी तेवढाच आवाज बरा वाटतो.

वाजवायला भजनी ठेका, आठ मात्रा, एवढं आलं तरी प्रार्थना निभते. डाव्या हाताची बोटं आतून कातड्याला किंचित दाबली की सूर चढतो, सोडली की उतरतो. काठाजवळ बोट मारलं तर स्वच्छ, मध्याकडे मारलं तर भरीव. नवशिक्याची चूक हातात नसते, लयीत असते. समूहात लय आपोआप चढते, आणि खंजिरीवाला तिला आवरायच्या ऐवजी तिच्या मागे धावतो. मोजमाप सोपं आहे: एक ओळ एका श्वासात आरामात म्हणता आली पाहिजे. शेवटचा शब्द गिळावा लागत असेल तर लय चढली. ती एकदम तोडू नका, पुढच्या कडव्याच्या सुरुवातीला दोन थापा रिकाम्या सोडा, माणसं आपोआप थांबतात.

पेटी हवी का? असली तर सूर धरायला सोपं जातं, नसली तर अडत नाही. एका बऱ्या पेटीच्या पैशात आठ-दहा चांगल्या खंजिऱ्या येतात. घेतलीच तर भात्याच्या घड्या उघडून प्रत्येक कोपरा पहा, आणि सगळ्या पट्ट्या बंद ठेवून भाता भरा. कोणती पट्टी न दाबता सूर निघत असेल तर ती आत्ताच नापास. गावात पेटी मरते ती उंदरांनी. खाली सांडलेला प्रसादाचा चुरा, वर कापडाची खोळ आणि आत गरम अंधार, उंदराला अजून काय पाहिजे. सुराचा ढोबळ हिशेब: पुरुषांना पेटीची काळी एक-दोन पट्टी, बायांना काळी चार-पाच. दोघं एकत्र बसतात तेव्हा पेटीवाला स्वतःच्या गळ्याचा सूर लावतो आणि बायांच्या रांगा गप्प होतात. आधी त्यांना एक ओळ म्हणू द्या, मग सूर ठरवा.

टाळांच्या दोन जोड्या बस्स. दोरी सुती घ्या आणि गाठ दर चार-सहा महिन्यांनी बदला, कारण पितळेच्या भोकाची धार तिला आतून कापत असते आणि बाहेरून काही दिसत नाही.

स्पीकरच्या बाबतीत मात्र आम्ही कडक आहोत. पन्नास माणसांपर्यंत त्याची गरज नाही. तरी घेतात, आणि मग तीन गोष्टी होतात. माइक स्पीकरच्या समोर ठेवल्यानं शिट्टी वाजते. माइक नेहमी स्पीकरच्या मागे असावा. बॅटरी पूर्ण उतरवून तशीच दोन महिने ठेवली की ती मरते. वापर नसला तरी महिन्यातून एकदा भरा. तिसरी गोष्ट अशी की ज्याच्या हातात माइक तोच एकटा प्रार्थना म्हणतो आणि बाकीचे ऐकतात. पहाटेच्या ध्यानाला तर स्पीकर लावूच नका. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, आणि शेजारच्या घरात बाळंतीण किंवा बारावीचं पोरगं असतंच.

आता ज्यासाठी हा सगळा सरंजाम, त्याबद्दल. ‘देव पाहून घेईल’ हे वाक्य आपल्याकडे दोन प्रकारे म्हणतात. एक, हात टेकवून. दुसरं, हात कामाला लावून. प्रार्थनेनं बोंडअळी जात नाही आणि बँकेची नोटीस परत जात नाही, हे तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी तो येतो, कारण दिवसभर वावरात एकट्यानं पाहिलेली किडकी बोंडं सांजेला एकट्यानंच डोळ्यांपुढे आणत बसणं जड जातं. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, शेजारी ओळखीचा खांदा आणि आपल्याहून मोठ्या शक्तीपुढे मान खाली, एवढ्यावर पुष्कळ माणसं पुढच्या दिवसाला लागतात. भरवसा एकदम येत नाही, रोज बसून बसून येतो, आणि म्हणूनच एकही सांज चुकवू नये. पाच जण आले तर पाच जणांची प्रार्थना. एकच आला तर एकाची.

वेळ दिवसाच्या कामाप्रमाणे ठरवा. कापूस वेचणीच्या दिवसांत बायांना घरी येऊन स्वयंपाक करायचा असतो. सहाला ठेवली तर त्या येणार नाहीत, साडेसात-आठला येतील. एकूण अर्धा तास, त्यात मौन दोन-तीन मिनिटं. पोरांना मौन जमत नाही असं म्हणतात. जमतं, मोठी माणसं खाकरत नसतील तर.

प्रार्थना संपल्यावर लगेच उठू नका, पाच मिनिटं सूचनांना द्या. कोणाच्या वावरात गारपीट झाली, पंचनाम्याला तलाठी कधी येणार, कोणाला दवाखान्यात न्यायचं आहे, उद्या कोणाची बैलजोडी मोकळी आहे. रोज येणारा माणूस तीन दिवस दिसला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी जायचं, हे काम नाव घेऊन सोपवा. ‘कोणीतरी जा रे’ म्हटलं की कोणीच जात नाही. घरात बसून राहिलेला माणूस ‘काही नाही बावा, तब्येत बरी नव्हती’ एवढंच सांगतो, पण त्याच्या ओसरीवर बसून चहा पिण्यानं पुष्कळ काही कळतं. अधिष्ठानाशेजारच्या भिंतीवर दोन नंबर ठळक रंगवून ठेवा: शेतीच्या सल्ल्याला किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, आणि मन फारच खचलं तर सरकारची टेलिमानस सेवा, १४४१६. देवाच्या भिंतीवर हे कशाला, असं विचारणारा एखादा निघतोच. देवाच्या भिंतीवर नाही तर कुठे?

पैशाचं धोरण आधी ठरवा. गाडगेबाबांचा जन्म आणि शेवट दोन्ही याच अमरावती जिल्ह्यात, शेंडगाव आणि वलगाव. देवासाठी कर्ज काढू नका, हे ते कीर्तनात लोकांच्या तोंडून वदवून घेत. तेव्हा पेटीसाठी घरटी वर्गणी लादू नका. ज्या वर्षी सोयाबीन बुडालं त्या वर्षी वर्गणीची वही घेऊन फिरणारा माणूस दारात दिसला की लोक प्रार्थनेलाच यायचं टाळतात. आधी एक खंजिरी आणि टाळाची एक जोडी, तीही ज्याला देता येईल त्यानं दिलेल्या पैशातून. उरलेलं सुगीनंतर.

निगेचा माणूस एकच ठेवा, दोघांवर सोपवलेली खंजिरी दोघांच्याही घरी नसते. त्याच्याकडे सुती पिशवी, कोरडं फडकं, पान्याची जोडी आणि चिकटपट्टी एवढं कायम असावं. कातडं फाटलं तर कडं फेकू नका. चांगलं सागवानी कडं चार-पाच कातडी सहज पाहतं. मढवून देणारा कारागीर तालुक्याला मिळतो, पण मृगाच्या तोंडावर त्याच्याकडे गर्दी असते आणि ओल्या हवेत सरस धरत नाही. म्हणून मढवायचं काम चैत्रात करून घ्या, आणि नवं कातडं निदान आठवडाभर सावलीत वाळल्याशिवाय त्यावर थाप मारू नका.